जुन्या चार सिलिंडरच्या पिकअपचा सायलेन्सर बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि गाडी आमच्या वर्कशॉपच्या रॅम्पवर असताना चहा पिता पिता विचारलेले आहेत. विचारणारे बहुतेक जुन्नर-संगमनेर पट्ट्यातले, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर वाहणारे. गाड्या म्हणजे महिंद्राची २५२३ सीसी डीआय इंजिनची बोलेरो पिकअप आणि कॅम्पर, नाहीतर २९५६ सीसीची टाटा २०७ डीआय. सगळ्या डिझेल, सगळ्या चार सिलिंडर आणि सगळ्यांचं बऱ्यापैकी वय झालेलं. उत्तरं याच गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. बीएस ६ (नव्या, कडक प्रदूषण नियमांच्या) गाड्यांचा इथे विषय नाही. त्यांच्या एक्झॉस्टमध्ये सेन्सर आणि धुराच्या गाळण्या असतात, तिथे कंपनीच्या माणसाशिवाय कुणी हात घालू नये.

१. एक्झॉस्ट म्हणजे सायलेन्सरच ना?

सायलेन्सर हा त्यातला एक डबा. इंजिनाच्या हेडला बोल्टने जोडलेला, सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणारा बिडाचा मॅनिफोल्ड, त्याच्या खालचा पुढचा पाइप, काही गाड्यांत मधला जाळीचा लवचिक तुकडा, बीएस ४ गाड्यांत बहुधा कॅटकॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा), मग सायलेन्सर आणि शेवटी मागच्या ॲक्सलवरून वळसा घेणारी शेपटी. सोबत गास्केट, क्लॅम्प आणि लटकवायचे रबर. गिऱ्हाईक "सायलेन्सर गेला" म्हणत येतं आणि बिघाड निघतो सत्तर रुपयांच्या रबरात. रबर तुटलं की अख्खा पाइप लोंबकळतो आणि वजन मॅनिफोल्डच्या जोडावर येतं. म्हणून आधी खाली वाकून बघा, मग दुकानात जा.

२. मोठा सायलेन्सर टाकला तर गाडीची ताकद वाढेल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उत्तर ऐकून निम्मे लोक नाराज होतात.

जुन्या डिझेल इंजिनात ताकद ठरवतो डिझेलचा पंप. तो एका फेरीला जेवढं डिझेल सोडतो तेवढंच जळतं. धूर बाहेर जायची वाट रुंद केली म्हणून पंप जास्त डिझेल सोडत नाही. पेट्रोल गाडीत मोकळा एक्झॉस्ट जास्त हवा आत ओढायला मदत करतो, आणि वाढलेल्या हवेला कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शन पेट्रोलची जोड देतं, म्हणून तिथे थोडा फरक पडतो. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ त्या गाड्यांचे असतात.

मग आमच्याकडून बाहेर पडलेल्या काही गाड्या "आता मस्त ओढते" असं का सांगतात? कारण त्यांचा जुना एक्झॉस्ट चोक झाला होता, चेपला होता किंवा टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) आधीच गळत होता. गेलेली ताकद परत आली, एवढंच. तुमचा एक्झॉस्ट धड असेल तर नवीन टाकून घाटात गिअर बदलणार नाही. तो धड आहे का, हे कसं बघायचं ते प्रश्न ५ आणि ६ मध्ये आहे.

३. निदान ॲव्हरेज तरी वाढेल?

चोक निघाला तर वाढेल, नाहीतर नाही. ॲव्हरेजसाठी आधी एअर फिल्टर, टायरची हवा, ब्रेक चिकटतोय का आणि इंजेक्टर बघा. पाचपैकी चार वेळा उत्तर तिथेच सापडतं.

४. आमचा मिस्त्री म्हणतो, इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच. खरं का?

नाही. दाब कुठल्याच इंजिनाला लागत नाही. पेट्रोल इंजिनाला लागतो तो धुराचा वेग. नेमक्या मापाच्या पाइपात धुराचा एक धक्का पुढे पळताना मागे पोकळी ठेवतो, ती पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घेते. पाइप फार मोठा केला की वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मंद वाटते. त्यावरून "बॅक प्रेशर कमी झालं म्हणून गाडी बसली" असा समज झाला. डिझेलला, त्यातही टर्बोच्या पुढे, अडथळा जितका कमी तितकं बरं. मर्यादा येते ती आवाजाची, जागेची आणि कायद्याची.

५. सायलेन्सर चोक झालाय हे कसं ओळखायचं?

लक्षणं अशी. रिकाम्या गाडीत रेस नीट घेते, पण लोड आला की दम तोडते. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आरपीएम एका ठिकाणी अडकतो. मॅनिफोल्डजवळ नेहमीपेक्षा जास्त तापतं. शेपटीशी हात धरला तर धूर धक्क्याधक्क्याने येण्याऐवजी मऊ, दबकत येतो.

एक गाडी आठवते. ओतूरहून कल्याणला भाजी न्यायची. येताना मागे फक्त रिकामे कॅरेट, तरी माळशेज दुसऱ्या गिअरमध्ये चढायची. आमच्याकडे येईपर्यंत दोन ठिकाणी पंप उघडून झाला होता आणि मालकाचे बरेच पैसे गेले होते. आम्ही सायलेन्सरच्या आधीचा फ्लँज (दोन पाइपांचा बोल्टने कसलेला जोड) सैल केला, दोन बोटं फट पडेल एवढाच, आणि वर्कशॉपमागच्या चढावर गाडी घातली. आवाज असा की शेजारची कुत्री पळाली, पण गाडी तिसऱ्यात चढली. नंतर सायलेन्सर ग्राइंडरने कापला. आतला पडदा गंजून सुटला होता आणि तव्यासारखा आडवा होऊन बाहेरच्या भोकावर बसला होता. थंड सायलेन्सरवर लाकडी हातोड्याने टकटक केलं असतं तर आतली खडखड दोन मिनिटांत ऐकू आली असती.

फ्लँज सैल करून बघायचं तर दोन-चार मिनिटंच, आपल्या आवारात आणि काचा उघड्या ठेवून. तो धूर गरम असतो, थेट डिझेलच्या पाइपवर किंवा ब्रेकच्या होजवर जाणार नाही हे आधी बघा.

आणि गाडी तीन-चार महिने उभी होती का, हे आठवा. एका २०७ च्या शेपटीतून आम्ही भाताचा पेंढा, सुतळी आणि उंदराचं अख्खं बाळंतघर काढलंय. कुंभारमाशीचं मातीचं घरटंही निघतं. गाडी उभी ठेवायची असेल तर पाइपच्या तोंडात फडकं कोंबा आणि किल्लीला चिठ्ठी बांधा, नाहीतर फडकं तसंच राहतं.

६. थंडीत सुरू केल्यावर पुढून "टक टक" आवाज येतो, गरम झाली की जातो. इंजिन गेलं का?

घाबरू नका, बहुधा मॅनिफोल्डचं गास्केट किंवा तुटलेला स्टड (हेडमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट) असेल. थंड असताना फट असते, बीड तापून फुगलं की ती मिटते, म्हणून आवाज थांबतो. टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचा) आवाज असता तर गरम झाल्यावर असा पूर्ण थांबला नसता. टॉर्च घेऊन मॅनिफोल्ड आणि हेडच्या जोडावर बघा, गळतीच्या जागी काजळीचा काळा पट्टा उमटलेला असतो.

स्टड तुटतात ते बहुधा पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या टोकाला, कारण लांब मॅनिफोल्ड तापून सरकतो तो टोकांनाच जास्त. काढताना घाई करू नका. आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल सोडा, सकाळी गॅसने नट लाल करा, थोडं थांबा आणि मगच पाना लावा. हेडच्या आत स्टड तुटला तर शंभर रुपयांचं काम हेड काढण्यापर्यंत जातं. मॅनिफोल्डची बसायची बाजू पट्टी लावून तपासा. वाकली असेल तर मशीनवर फेस मारून घ्या, नाहीतर नवीन गास्केटही महिन्याभरात फुंकेल. कसताना मधून सुरुवात करून बाहेर जा. गाडी एकदा तापून पूर्ण थंड झाली की परत एकदा कसा.

टर्बो असेल तर ही गळती जास्त महागात पडते, ते प्रश्न ११ मध्ये.

७. पाइप किती इंची टाकू? दोन, अडीच की तीन?

आधी आहे तो पाइप व्हर्नियरने मोजा, बाहेरून आणि तोंडाशी आतूनही. आता थोडं गणित करू, कारण या प्रश्नावर वाद फार होतात.

चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेतं. म्हणजे २५२३ सीसीचं इंजिन ३२०० आरपीएमला मिनिटाला साधारण ४,००० लिटर हवा ओढतं. टर्बो नसताना प्रत्यक्षात थोडी कमीच. ती जळून, तापून अडीच-तीन पट फुगते. १०,००० लिटर धरू. दोन इंची पाइप आतून ४८ मिमी असेल तर धूर सेकंदाला ९० मीटरच्या आसपास धावतो. अडीच इंची, आतून ६० मिमी, तर ६० मीटरच्या खाली येतो. अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे अर्धा इंच वाढवल्यावर तो निम्म्याहून कमी झाला.

ऐकायला मोठं वाटतं, पण मूळ अडथळाच लहान असेल तर निम्मा होऊन हातात काय येणार? म्हणून टर्बो नसलेल्या गाडीला कंपनीचंच माप ठेवा. टर्बो असेल, गाडी रोज लोडवर घाटात असेल, तर टर्बोच्या पुढे एक माप वर जायला हरकत नाही. तीन इंची मी कुणाला सुचवत नाही. ॲक्सल वर आला की पाइपला टेकतो, चेसिसला घासतो आणि केबिनमध्ये घुमतो.

८. पाइप वाकवलेल्या ठिकाणी चपटा झालाय. चालेल का?

थोडा चपटा चालतो. आतून घडी पडली असेल तर नाही. आमची लिंबाची परीक्षा आहे. दोन इंची पाइप गाडीला बसवायच्या आधी उभा धरून त्यात मध्यम लिंबू सोडायचं. खालून निघालं तर पाइप पास, अडकलं तर परत करायचा. दुकानदार हसतात, पण परत घेतात. शिवाय बेंड किती आहेत ते मोजा. बसवायला सोपं पडावं म्हणून दोन बेंड जास्त दिलेले पाइप बाजारात बरेच दिसतात.

९. साधा पत्रा, ॲल्युमिनियमचा मुलामा की स्टेनलेस? पैसे कुठे घालू?

मुद्द्याचा प्रश्न. जुन्या पिकअपला खरं "अपग्रेड" म्हणावं ते हेच.

साधं लोखंड स्वस्त, वेल्डिंगला सोपं आणि सगळ्यात आधी सडणारं. ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा बराच टिकतो, फक्त वेल्ड केलेल्या जागी थर जळतो, तिथे उष्णता सोसणारा रंग मारावा लागतो. स्टेनलेसमध्ये दोन जाती तुमच्यापर्यंत येतील. ४०९ मध्ये क्रोमियम साधारण ११ टक्के, चुंबक चिकटतो, वरून तांबूस डाग येतात पण आरपार लवकर सडत नाही. कंपन्या गाडीला बहुधा हीच जात लावतात. ३०४ मध्ये क्रोमियम १८ टक्के आणि निकेल ८, चुंबक सहसा चिकटत नाही, चमक राहते आणि भाव चढा. "३०४ आहे साहेब" म्हणून ४०९ विकणारे असतात, म्हणून खिशात चुंबक ठेवा.

३०४ तापल्यावर जास्त वाढतं. दोन मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर ३०४ दहा मिलिमीटरने लांबतो, साधं लोखंड सातने. ही वाढ कुठेतरी जायला हवी. लवचिक तुकडा नसेल आणि सगळं घट्ट वेल्ड करून टाकलं असेल तर ती वाढ मॅनिफोल्डलाच भेग पाडते.

माझं मत विचाराल तर देशावर चालणाऱ्या मालगाडीला ४०९ किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा पुरेसा. रत्नागिरी-मालवणकडे, खाऱ्या हवेत गाडी असेल तरच ३०४ चे पैसे वसूल होतात.

१०. सकाळी पाइपातून पाणी ठिबकतं. हेड गास्केट गेलं का?

रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल आणि गरम झाल्यावर पांढरी वाफ थांबत असेल तर नाही. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. पाइप थंड असेल तर ते आतच साचतं आणि डिझेलमधल्या गंधकाशी मिळून आम्ल होतं. म्हणूनच शेत ते घर, घर ते सोसायटी अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आतून सडतो, आणि रोज वाशी मार्केट गाठणाऱ्याचा टिकतो. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग पळवा. काही सायलेन्सरना खाली बारीक भोक दिलेलं असतं, ते पाणी जायला. वेल्डरला ते बुजवू देऊ नका.

११. माझ्या गाडीला टर्बो आहे. वेगळं काही करावं लागतं?

टर्बोच्या आधी एक थेंबही गळती नको. तिथल्या धुरावरच टर्बो फिरतो. तो बाहेर निसटला की बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) पडतो, हवा कमी मिळते, डिझेल तेवढंच येतं आणि काळा धूर सुरू. टर्बोच्या पुढचा पाइप स्वतःच्या रबरावर लटकलेला हवा, त्याचं वजन टर्बोवर टाकू नका. पाइप जोडताना आत वेल्डिंगचा गोळा, गास्केटचा तुकडा, काही राहू देऊ नका.

१२. चार वेगळे पाइप असलेला हेडर बसवून मिळेल का?

मिळेल, पण या डिझेल गाड्यांना बसवू नका. चार सिलिंडरमध्ये दर अर्ध्या फेरीला एक धक्का येतो, त्या धक्क्यांची सांगड घालायची म्हणून हेडर. त्याचा उपयोग वरच्या आरपीएमला, आणि आपलं इंजिन ३२०० च्या आसपास संपतं. पातळ पाइपांना लोडची कंपनं सोसत नाहीत, जोडावर भेगा जातात. बिडाचा जुना मॅनिफोल्ड दिसायला ओबडधोबड, पण पंचवीस वर्षं टिकलाय.

१३. मी कॅलिफोर्नियात असतो. माझ्याकडे १९९४ ची टोयोटा पिकअप आहे, २२आर-ई इंजिन. हेच सगळं लागू का?

तुमची गोष्ट वेगळी. २३६६ सीसीचं ते पेट्रोल इंजिन आहे, त्यामुळे प्रश्न २ चं उत्तर आणि प्रश्न १२ मधला हेडरला नकार तुम्हाला तसेच लागू होत नाहीत, थोडा फायदा खरोखर मिळतो. पण तिथे दर दोन वर्षांनी स्मॉग चेक आहे. हेडर आणि बदली कॅटकॉन, दोन्हींना राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो, तपासणारा तो डोळ्यांनी बघतो. गाडी १९७५ किंवा त्याआधीची असती तर सूट होती, १९९४ ला नाही. कॅटकॉनच्या मागचा भाग बदलायला मोकळीक आहे, आवाज ९५ डेसिबलच्या आत ठेवून. ही मर्यादा ६,००० पौंडांखालच्या गाड्यांची, तुमची त्यात बसते.

१४. आवाज जरा भारदस्त करून द्याल का?

नाही. पण हा प्रश्न इतक्यांदा येतो की कारण सांगतो.

चार सिलिंडर डिझेलचा आवाज मोकळा केला की तो भारदस्त होत नाही, ट्रॅक्टरसारखा होतो. शिवाय घुमतो. २४०० आरपीएमला चार सिलिंडरचे सेकंदाला ८० धक्के होतात आणि नेमका तोच सूर पिकअपच्या लहान केबिनमध्ये पत्र्याला कापरं भरवतो. तुम्ही तासन्‌तास त्याच आरपीएमवर हायवेला असता. संध्याकाळी डोकं दुखतं, पण मालक सांगतो "मार्केटचा ताप". हा एक सूर दाबायला बाजूला आंधळा पाइप लावतात, पण ८० धक्क्यांसाठी त्याची लांबी दीड मीटर भरते. एवढा पाइप कुठे बसवणार? म्हणून कंपनी कप्प्यांचा डबा देते. काचलोकर भरलेला सरळ आरपार डबा सुरुवातीला बरा वाटतो, पण डिझेलच्या काजळीने लोकर वर्षा-दीड वर्षात भरते आणि मग तो नुसता पाइप उरतो.

१५. सायलेन्सर बदलला तर पोलीस पकडतील का? आरसीवर चढवावं लागतं का?

कंपनीच्या मापाचा, तसाच काम करणारा सायलेन्सर हा बदली भाग आहे, तो आरसीवर चढवायचा नसतो. मूळ बनावटीत फेरफार ही वेगळी गोष्ट. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ते मनाई करतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या तपशिलाबाहेरचा बदल चालणार नाही असंच म्हटलं. मालकाला कलम १८२ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज-धुराची मर्यादा ओलांडून रस्त्यावर चालवली तर कलम १९०(२) आहे. पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र.

"नुसता कटआउट टाकतो, घाटात उघडतो, गावात बंद" असं म्हणणारे आहेत. सायलेन्सर टाळून धूर सोडणाऱ्या कटआउटसाठी कलम १९४एफ मध्ये स्वतंत्र दंड आहे, पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा सापडलात तर २,०००. पोलीस जप्त केलेल्या बुलेटच्या सायलेन्सरांवर रोलर फिरवतात ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पिकअपवाल्याचं नुकसान त्याहून मोठं. गाडी ठाण्यात उभी राहिली की टोमॅटो पिकत बसतो.

१६. पीयूसीत धुरावर नापास झाली. सायलेन्सर बदलला की पास होईल?

सहसा नाही. डिझेलची तपासणी गाडी उभी असताना झटक्यात रेस देऊन धुराचा काळेपणा मोजून होते. बीएस ४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज (काळेपणा मोजायचं एकक), बीएस ४ ना ५०. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, इंजेक्टर, पंपाची टायमिंग, या क्रमाने बघा. मात्र जुन्या सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी पहिल्या एक-दोन रेसला बाहेर उडते, म्हणून तपासणीआधी गाडी वीस मिनिटं चांगली पळवून न्या. हा वशिला नव्हे, गाडी गरम असावी हाच नियम आहे.

१७. एक जण म्हणतो, कॅटकॉन रिकामा करून देतो, वर नवा सायलेन्सर फुकट. घेऊ का?

फुकट का देतो, ते आधी विचारा. कॅटकॉनच्या आत प्लॅटिनम, पॅलॅडियमसारखे धातू असतात आणि भंगारात त्यांना चांगला भाव येतो. तुमचा फायदा शून्य आणि दंड तुमच्या नावावर (प्रश्न १५). कॅटकॉन खरंच चोक असेल तर बदली बसवा, पण आधी तो चोक का झाला ते शोधा. बहुधा इंजिन ऑइल जाळतंय किंवा इंजेक्टर ठिबकतोय, नाहीतर नवाही तसाच भरेल.

१८. शेपटी कुठे सोडायची? मागे बॉडी लांब करून घेतलीय.

इथे चुका फार होतात. धूर डावीकडे सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११२ आहे. आपल्याकडे डावीकडे फुटपाथ आणि माणसं. नियम ११३ प्रमाणे पाइप डिझेलच्या नळीपासून ३५ मिमीच्या आत येता कामा नये. मी त्याच्या दुप्पट अंतर ठेवतो, कारण रबर वर्षभरात खाली बसतं.

बॉडी लांब केली आणि शेपटी तेवढीच ठेवली, तर धूर बॉडीखाली साचतो. चालत्या गाडीच्या पाठीमागे पोकळी तयार होते, ती धूर ओढून मागच्या खिडकीतून केबिनमध्ये आणते. पेट्रोलपेक्षा डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड कमी, पण असतो, आणि त्याला वास नसतो. ताडपत्रीखाली मजूर बसवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. मुळात मालगाडीत माणसं बसवायचीच नाहीत, ते वेगळं. शेपटी बॉडीच्या कडेबाहेर काढा.

कडबा, पाचट, भुसा वाहत असाल तर लोंबणारी काडी पाइपला टेकतेय का ते भरल्यावर बघा. स्टेपनी खाली लटकत असेल तर तिच्या आणि पाइपच्या मध्ये पत्र्याची आड द्या.

१९. पाइपला उष्णतेची पट्टी गुंडाळू का? रेसवाले करतात.

रेसवाले पाइप हंगामाला बदलतात, तुम्ही दहा वर्षं वापरता. पट्टी पावसाचं पाणी धरून ठेवते आणि आतून पाइप खाते. वरून डिझेल किंवा ऑइल ठिबकलं तर ती वात होते. पत्र्याची आड लावा, मध्ये हवेची फट ठेवा.

२०. वेल्डिंग गाडीवरच करून घेतलं तर चालेल?

शक्यतो पाइप काढून खाली करा. गाडीवरच करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावा आणि डिझेलची टाकी आणि नळ्या ओल्या गोणपाटाने झाका. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजेक्शनच्या) गाडीत हे टाळलंत तर इसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, किंवा अल्टरनेटर जाऊ शकतो. स्टेनलेस आणि साधं लोखंड जोडताना ३०९ एलची काडी मागा. साध्या काडीने जोडलेला सांधा पहिल्या पावसाळ्यात तिथूनच उलतो.

२१. तेल डेपोच्या गेटवर स्पार्क अरेस्टर मागतात. सायलेन्सर असताना तो कशाला?

सायलेन्सर आवाज अडवतो, जळत्या काजळीची ठिणगी अडवेलच असं नाही. पेट्रोल-डिझेलची वाफ असते तिथे एक ठिणगी पुरते. अरेस्टर, म्हणजे शेपटीला लावायची ठिणगी अडवणारी जाळी, पेसो-मान्य (स्फोटक व ज्वालाग्राही मालावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने मान्य केलेला) आणि तुमच्या शेपटीच्या मापाचा घ्या, ढिला असेल तर गेटवरच परत पाठवतात. आत जाताना लावा, बाहेर आल्यावर काढून साफ करा. कायम लावून ठेवला तर जाळीत काजळी भरते आणि मग तुम्ही प्रश्न ५ घेऊन आमच्याकडे येता.

२२. नवीन बसवल्यावर परत कधी दाखवायला आणू?

पाचशे किलोमीटरनंतर एकदा, सगळे क्लॅम्प आणि फ्लँज कसायला. पहिले दोन दिवस रंग आणि तेल जळाल्याचा वास येतो, त्यासाठी फोन करू नका. तिसऱ्या दिवशीही केबिनमध्ये वास असेल तर मात्र लगेच या. त्यानंतर दर पावसाळ्याच्या आधी रबरं आणि ॲक्सलवरचा बेंड बघून घ्या. आणताना सकाळी आणा, गाडी थंड असताना. दुपारी तापलेली गाडी आणलीत तर ती निवेपर्यंत दोन तास बाकावर बसवून ठेवतो.